रोजच्या जगण्यातले दाखले: फॉरवर्ड नकोत, पाहिलेलं सांगा

उंबरठा

नमस्कार. आमचा एक लहानसा अभ्यासगट आहे. बायबलमधला एखादा उतारा वाचायचा आणि त्या आठवड्यात कुणाच्या पाहण्यात त्याच्याशी जुळणारं काही आलं असेल तर ते सांगायचं, एवढाच शिरस्ता. हल्ली होतं असं की उतारा वाचून संपत नाही तोच कुणीतरी मोबाइल काढतं आणि गरुडाची गोष्ट सुरू होते. गरुड म्हणे चाळिशीला आला की डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नखं उपटतो, पिसं उपटतो, पाच महिने तसाच बसून राहतो आणि मग नव्या जोमाने आणखी तीस वर्षं जगतो. सगळे माना डोलावतात. चोच नसलेला पक्षी पाच महिने खाणार काय, हे कुणी विचारत नाही.

येशूने सांगितलेले दाखले आठवून पाहा. पिठात खमीर मिसळणारी बाई. नाणं हरवलं म्हणून दिवा लावून घर झाडणारी बाई. रोजंदारीवर माणसं बोलावणारा मळेवाला. मध्यरात्री भाकरी मागायला आलेला मित्र. बाजारात बसून एकमेकांवर कुरकुरणारी पोरं. ऐकणाऱ्याने कालपरवाच डोळ्यांनी पाहिलेलं असावं, असं सगळं. चमत्कार त्याने केले, पण दाखल्यांत चमत्कार जवळजवळ नाहीतच.

म्हणून हा धागा. विश्वास, क्षमा, सेवा, येशूच्या मागे चालणं, यातलं जे तुम्ही स्वतः पाहिलंय ते लिहा. अटी दोन. फॉरवर्ड नको. आणि शेवट गोड नसेल तर तो गोड करू नका.

जुनाबाक

धागा आवडला. गरुडाला एकटं वाटू नये म्हणून त्याचे दोन सोबती देतो.

पहिला, सुईचं नाक. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे वचन आलं की व्यासपीठावरून हमखास ऐकू येतं की यरुशलेमला त्या नावाचा एक बुटका दरवाजा होता, ओझं उतरवून उंटाला गुडघ्यांवर रांगत आत जावं लागे. असा दरवाजा येशूच्या काळी होता याला काहीही पुरावा नाही. ही कल्पना कितीतरी शतकांनंतरची आहे. शिवाय तिने उताऱ्याचा जीवच जातो. शिष्य हादरून विचारतात, मग तारण कोणाचं होणार? आणि उत्तर येतं की माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. उंट रांगत जाऊ शकत असेल तर या उत्तराची गरजच काय?

दुसरा, कोकराचा पाय. सारखं भरकटणाऱ्या कोकराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडतो आणि बरा होईपर्यंत त्याला खांद्यावर वागवतो, म्हणजे त्याला सवय लागते. लूकच्या पंधराव्या अध्यायात मेंढरू खांद्यावर आहे, तेही आनंदाने घेतलेलं. मोडलेला पाय कुठेच नाही. ही गोष्ट मी एका बाईंना त्यांच्या मुलाच्या आजारपणात सांगितली गेलेली ऐकली आहे. सांगणारा त्यांचं सांत्वन करत होता. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

पाळकाचा_मुलगा

जुनाबाक, मुद्दा मान्य, पण थोडी बाजू प्रवचन करणाऱ्याचीही घ्या. दर रविवारी समोर बसलेल्यांना जागं ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही. आणि गोष्ट घडलेलीच हवी असं कुठे आहे? वाटेत लुटल्या गेलेल्या अनोळखी माणसाला सांभाळणारा, येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी तरी कुठे घडला होता?

आमचे वडील नायगऱ्याच्या धबधब्याजवळ दोरावरून चालणाऱ्या ब्लाँडिनची गोष्ट सांगायचे. तो लोकांना विचारतो, ढकलगाडीत माणूस बसवून मी पलीकडे नेईन यावर विश्वास आहे? सगळे ओरडतात, आहे! मग तो म्हणतो, बसा तर. कुणी बसत नाही. विश्वास म्हणजे काय हे मला लहानपणी त्या गोष्टीने समजलं. ती खरी की खोटी, याने काय फरक पडतो?

जुनाबाक

पडतो. "कोणीएक मनुष्य यरुशलेमहून यरीहोस जात होता" असा शोमरोन्याचा दाखला सुरू झाला की ऐकणाऱ्याला कळतं, आता गोष्ट आहे. नाथान संदेष्टा दाविद राजाला गरिबाची कोकरी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो तीही रचलेलीच, पण तिच्यातून जे बाहेर येतं ते, म्हणजे दुसऱ्याची बायको हिरावणं, दाविदाच्या घरात खरोखर घडलेलं असतं. गरुडाची गोष्ट पक्ष्याची माहिती म्हणून सांगितली जाते. उद्या पोरगं घरी जाऊन शोधतं, त्याला खोटेपणा कळतो. आणि त्याच माणसाने त्याच आवाजात त्याला येशूच्या रिकाम्या कबरेबद्दलही सांगितलेलं असतं.

ब्लाँडिनचं म्हणाल तर खरी गोष्ट तुमच्या गोष्टीपेक्षा वरचढ आहे. १८५९ साली त्याने आपला मॅनेजर हॅरी कॉलकॉर्ड याला पाठीवर घेऊन नायगऱ्याची दरी खरंच ओलांडली. म्हणजे एक जण बसला होता! आणि वाटेत ब्लाँडिनला दम लागला की कॉलकॉर्डला पाठीवरून उतरून त्या दोरावर उभं राहावं लागत होतं, मग पुन्हा पाठीवर. ढकलगाडीत हे कुठून येणार? विश्वास ठेवलेल्या माणसालाही अधूनमधून दोरावर स्वतःच्या पायांनी उभं राहावं लागतं, हे मला जास्त ओळखीचं वाटतं.

पाळकाचा_मुलगा

हे माहीत नव्हतं. वडिलांना सांगतो. निवृत्त आहेत, पण प्रवचनाची वही अजून उघडीच असते.

नाईट_ड्युटी

मी नर्स आहे, कुठे ते नको. आमच्या वॉर्डात एक आजी होत्या, स्मृतिभ्रंश झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, पण ते त्यांच्या लक्षात राहायचं नाही. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "हे आले का?" नवीन आलेल्या एका मुलीने एकदा खरं सांगून टाकलं. आजींनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडला. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न.

आमच्या सफाईच्या मावशी फरशी पुसता पुसता थांबायच्या. फडकं बादलीच्या कडेवर टाकायच्या, हात कोरडे करायच्या, पलंगाशी स्टूल ओढायच्या आणि विचारायच्या, "कसे दिसतात हो तुमचे हे?" मग आजी सांगत बसायच्या. उंच आहेत, सायकलवर शीळ घालतात, रागावले की जेवत नाहीत. सांगता सांगता डोळा लागायचा. दुसऱ्या रात्री आजी पहिल्यापासून, आणि मावशीही पहिल्यापासून, तितक्याच उत्सुकतेने. "येतील हो" असं खोटं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाल्या, "माझी पण रोजची तीच प्रार्थना असते. देव ऐकतोच की." मावशी ख्रिस्ती आहेत हे मला तेव्हा कळलं.

रानवाट

मी ख्रिस्ती नाही. मिशनच्या शाळेत शिकलो, त्यामुळे दाखले बरेचसे पाठ आहेत. मावशी फार आवडल्या. पण एक खडा टाकतो, राग नसावा. हे तर कुठल्याही भल्या माणसाचं वागणं झालं. माझी आजीही अशीच होती आणि ती कधी चर्चची पायरी चढली नाही. यात खास ख्रिस्ती काय आहे?

उंबरठा

रानवाट, खडा टाकलात ते बरं झालं. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा नायकच मुळी परका आहे. ऐकणाऱ्या यहुद्यांच्या दृष्टीने तो धर्मभ्रष्टच. याजक आणि मंदिराची सेवा करणारा लेवी आपले, ते जखमी माणसाला टाळून बाजूने निघून गेले. म्हणजे भलेपणा आपल्याच कुंपणात पिकतो असा दावा खुद्द येशूनेच केलेला नाही. तुमच्या आजींचं वागणं कमी नाही आणि मावशींचं जास्त नाही.

फरक असलाच तर मावशींच्या त्या एका वाक्यात आहे. त्या स्वतःला ऐकून घेणाऱ्या समजत नाहीत, आपलं ऐकून घेतलं जातंय असं समजतात. आधी मिळालं, मग दिलं. शिष्यत्वाचा सगळा क्रम असा आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात शिष्य पेत्र येशूकडून पाय धुऊन घ्यायला तयार नसतो, तेव्हा येशू त्याला सांगतो की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. इतरांचे पाय धुवा, हे त्यानंतर येतं. आम्ही मात्र पहिलं कलम गाळून दुसऱ्यापासून सुरुवात करतो आणि मग दमतो.

जुनाबाक

याला जोडून पंडिता रमाबाईंचं आठवलं. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांनी आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, सांगितलेला प्रसंग त्याहून महत्त्वाचा. लंडनजवळ फुलहॅमला सिस्टर्स एक आश्रम चालवत होत्या. समाजाने "बिघडलेल्या" म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो ती कथा वाचून दाखवली. आधी काम दिसलं, मग प्रश्न आला, मग कथा. आपण बहुतेक वेळा कथेपासून सुरू करतो आणि समोरच्याला प्रश्नच पडलेला नसतो.

शब्बाथताई

मी संडे स्कूलला लहान मुलांचा वर्ग घेते. चांगला शोमरोनी शिकवला की मोठी माणसं नेहमी विचारतात, आपण याजकासारखे की शोमरोन्यासारखे? मुलं हे विचारत नाहीत. मुलांचा पहिला प्रश्न, "चोर सापडले का?" दुसरा, "गाढवाला लागलं नव्हतं ना?" (उताऱ्यात नुसतं जनावर म्हटलंय, पण मुलांनी परस्पर गाढव ठरवून टाकलं.)

यंदा एक मुलगी, शोमरोन्याने जखमी माणसाला जिथे ठेवलं त्या उतारशाळेच्या मालकावर अडून बसली. शोमरोन्याने दोन दिनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. पुढचा खर्च मी परत येईन तेव्हा देईन म्हणाला. ती म्हणाली, "आणि आलाच नाही तर? त्या काकांना तर त्या माणसाला बाहेर काढता पण येणार नाही." मग वर्गभर त्या काकांचीच चर्चा. रात्री उठून पाणी कुणी दिलं असेल? पट्ट्या कुणी बदलल्या? बाकीच्या गिऱ्हाइकांनी कटकट केली असेल का? एक जण म्हणाला, शोमरोनी एक दिवस चांगला वागला, हे काका रोज वागले.

मला वाटतं आपल्यापैकी बहुतेक जण शोमरोनी नसतोच. दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवलेली माणसं सांभाळत असतो. म्हातारे सासरे, बहिणीचं पोर, कार्यालयातला दारू सोडू पाहणारा सहकारी. आणून ठेवणारा "परत येईन" म्हणून गेलेला असतो.

नाईट_ड्युटी

+१. मी वाचून थोडा वेळ मोबाइल खाली ठेवला.

निवांत

माझी गोष्ट आंबट आहे. उंबरठा यांनी अट घातलीच आहे म्हणून लिहिते.

वडील गेल्यावर घर भावाच्या नावावर झालं. कसं झालं त्यात जात नाही. आमचं बोलणं बंद पडलं. काही वर्षांनी पवित्र सप्ताहात मला ते ओझं सहन होईना. फोन केला, म्हटलं, माझ्या मनात आता काही नाही, तू येत जा. तो "बरं" म्हणाला. आला नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तेव्हाही आला नाही. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मला साक्ष द्यायला सांगितली, मी दिली, जेवढं घडलं तेवढीच. उपासना सुटल्यावर काही जणी भोवती जमल्या. "मग पुढे काय झालं?" म्हटलं, काही नाही. चेहरेच पडले त्यांचे. एकीने हळूच सुचवलं की अजून जोर लावून प्रार्थना केली असतीस तर तो आला असता.

शब्बाथताई

निवांत, त्या बाईंना लूकचा पंधरावा अध्याय शेवटपर्यंत वाचायला सांगा. आपण घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत आला, मेजवानी झाली, इथेच पुस्तक मिटतो. थोरला मुलगा रुसून अंगणात उभा आहे. आत वाजंत्री चालू. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि तिथेच दाखला संपतो. तो आत गेला की नाही, येशूने सांगितलंच नाही. बापाने जे करायचं ते केलं. तुमचं फोन करणं म्हणजे तेच बाहेर येणं.

कारकून

थांबा. सगळ्यांनी छान छान म्हणण्याआधी मला एक विचारू द्या. क्षमा केली, उत्तम. हिश्शाचं काय? मी कित्येकदा पाहिलंय, घरात अन्याय झाला की बायबल उघडलं जातं ते फक्त ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यापुढे, आणि तीही बहुतेक बाईच असते. क्षमा कर, वधस्तंभ उचल, आपण ख्रिस्ती माणसं. ज्याने घर घेतलं त्याच्यापुढे कुणी जकातदार जक्कयाची गोष्ट उघडत नाही. त्याने तर कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो म्हटलं होतं, आणि तारण आज या घराला मिळालं, हे वाक्य त्यानंतर आलं.

निवांत

दावा चालू आहे की! कागद वकिलाकडे आहेत. मी कधी म्हटलं सोडला म्हणून?

पाळकाचा_मुलगा

हे जरा अवघड वाटतंय. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट विचारतो, बंधू बंधूवर फिर्याद करतो हे काय? त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही? निवांतताई, तुम्हाला दोष देत नाही. पण वचन आहे ते आहे.

उंबरठा

वचन आहेच. पण पौल तिथे आधी विचारतो की तुमच्यात निवाडा करील असा एकही शहाणा नाही का? म्हणजे मंडळीने निवाडा करावा अशी त्याची अपेक्षा आहे. मंडळी हात झटकून मोकळी होणार आणि सोसायचं कलम तेवढं वाचून दाखवणार, याला पौलाची साक्ष काढता येणार नाही. मत्तय अठरामध्येही साताच्या सत्तर पट क्षमा येण्याआधी, त्याच अध्यायात, अपराध करणाऱ्याला एकांतात सांग, मग दोघांना घेऊन जा, मग मंडळीला कळव, अशा पायऱ्या आहेत. आणि लूक अठरामधली विधवा न्यायाधीशाचा पिच्छा सोडत नाही, ती येशूला प्रार्थनेचं उदाहरण वाटली.

दाव्यामुळे मन पुन्हा कडू होणार असेल तर काय, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर निवांतच देऊ शकतील, आपण नाही.

निवांत

होतं कडू. तारखेच्या आदल्या रात्री होतं. मग परत पहिल्यापासून क्षमा. मावशींसारखं.

कारकून

हिशेबाचा माणूस आहे म्हणून एक हिशेब मांडतो. मत्तय अठरामधला तो चाकर. त्याला राजाचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. गुणाकार करा, सहा कोटी दिवस. वर्षाला तीनशे दिवस राबला तरी दोन लाख वर्षं. राजाने हे सोडलं. मग त्याला भेटतो सोबतचा चाकर, जो याचे शंभर दिनार देणं लागतो. त्याला मात्र हा सोडत नाही, तुरुंगात टाकतो.

प्रवचनात पुढे ठरलेलं वाक्य येतं: "एवढ्याशा शंभर दिनारांसाठी!" एवढ्याशा कशा? चार महिन्यांचा पगार आहे तो. तुमचा चार महिन्यांचा पगार कुणी बुडवला तर तुम्ही त्याला एवढासा म्हणाल का? येशूने चार आणे म्हटलं नाही. ज्याने आपलं काही घेतलंय त्याने खरंच घेतलंय, दुखावं इतकं घेतलंय, हे त्या दाखल्यात मान्य केलेलं आहे. म्हणून "सोडून द्या हो, काय एवढं" या सल्ल्याला मी क्षमा म्हणत नाही. क्षमा करायची तर आधी रक्कम नीट लिहावी लागते.

रानवाट

कारकून, हे कुणी शाळेत शिकवलं असतं तर मी त्या तासाला झोपलो नसतो.

जुनाबाक

नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या डच ख्रिस्ती बाई, कॉरी टेन बूम, यांचा प्रसंग इथे बसतो. १९४७ साली म्युनिकला त्या देवाच्या क्षमेवर बोलल्या आणि सभा संपल्यावर राव्हेन्सब्रुक छळछावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून समोर आला. बहीण बेत्सी त्याच छावणीत मेली होती. क्षमेवर नुकतंच भाषण केलेल्या बाईचा हात उचलेना. मनात प्रेमाचा लवलेश नव्हता, असं त्यांनीच सांगितलंय. प्रार्थना एवढीच, की मी हात पुढे करू शकते, भावना तू दे. हा प्रसंग सांगताना आपण हात मिळाला इथे जोर देतो. माझ्या मते जोर हात उचलेना इथे हवा.

आता एक हलकी, आमच्याकडची. मंडळीच्या खजिनदारांवर वार्षिक सभेत एकाने सगळ्यांसमोर आरोप केला, पैसे खाल्ले म्हणून. खजिनदार उठले, कपाटातून वही आणली, पावत्यांची फाइल आणली, आरोप करणाऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि आपल्या जागी बसले. सभेत पान न् पान तपासलं गेलं. हिशेब चोख. माफी कुणी मागितली नाही, सभा तशीच उठली. बाहेर पाऊस. आरोप करणारा आडोशाला उभा, त्याची शेवटची बस गेलेली. खजिनदारांनी स्कूटर काढली, त्याच्यापुढे थांबवली आणि म्हणाले, "बसा. वही भिजू देऊ नका, ती तुमच्याच मांडीवर ठेवा." गेले दोघं. वाटेत काय बोलले ते दोघांनीही सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा आरोप केला, या वेळी पंख्यांच्या खरेदीवरून.

शब्बाथताई

पंखे! 😄 हे वाचून मी घरात एकटी हसले.

कोरडवाहू

बरेच दिवस वाचनमात्र होतो. साक्षीच्या सभांबद्दल थोडं बोलायचंय. नोकरी गेली, प्रार्थना केली, नोकरी लागली. आजार झाला, प्रार्थना केली, बरा झाला. अशाच साक्षी बोलावल्या जातात. माझी नोकरी गेली, मी प्रार्थना केली, पूर्वीपेक्षा अर्ध्या पगाराची मिळाली, तीही घरापासून लांब. मी साक्ष द्यायची की नाही? दिली तर देवाची बदनामी होईल, असं एकाने मला खरंच सांगितलं.

उंबरठा

द्या, जरूर द्या. दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेदनगो भट्टीपुढे उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. आमच्या साक्षींत पहिला अर्धा भाग असतो, दुसरा गायब. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय घ्या. सिंहांची तोंडं बंद केली, तलवारीच्या धारेतून निसटले, हे सगळं वाचताना आवाज चढतो. मग त्याच दमात "दुसऱ्या कित्येकांनी" टवाळ्या सोसल्या, बंदिवास सोसला, करवतीने कापले गेले. विश्वास दोन्हीकडे तोच, हे पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

कोरडवाहू

अर्ध्या पगाराचं एक सांगतो, साक्ष म्हणा वा नका म्हणू. आधी दानाचं पाकीट भरताना मला आकडा बघावा लागत नसे. आता बघावा लागतो. मार्कमधल्या, होतं तेवढं सगळं दान करणाऱ्या विधवेच्या दोन टोल्या (अगदी लहान नाणी) पूर्वी मला गोड चित्रासारख्या वाटायच्या. आता तो उतारा वाचला की तिने घरी जाऊन रात्री काय खाल्लं असेल, हा प्रश्न पडतो. त्याच्या जरा आधीच येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतो, तेही आता नजरेतून सुटत नाही. देणगीच्या आवाहनात पहिला भाग कधी वाचलेला ऐकला नाही.

कारकून

कोरडवाहू, पुढच्या सभेत तुम्ही उठा, मी टाळ्या वाजवतो.

पाळकाचा_मुलगा

वडिलांना अख्खा धागा वाचून दाखवला. ब्लाँडिनवर खूश आहेत. सुईच्या दरवाजावर जरा गप्प होते. म्हणाले, शिष्यत्वासाठी सगळ्यात साधं उदाहरण ब्रदर लॉरेन्सचं. सतराव्या शतकातला पॅरिसचा कार्मेली मठवासी, १६९१ मध्ये वारला. मठाच्या स्वयंपाकघरात भांड्यांच्या खडखडाटात त्याला देवाची सोबत प्रार्थनेच्या वेळेइतकीच जाणवायची. लोक हे सांगताना एक गोष्ट गाळतात, असं वडील म्हणाले: त्याला स्वयंपाकघरातलं काम मुळात आवडत नव्हतं.

नाईट_ड्युटी

हे शेवटचं वाक्य चिकटवून ठेवते ड्युटीरूममध्ये.

मला एक वेगळंच विचारायचंय. शनिवारची रात्रपाळी संपवून मी तशीच रविवारच्या उपासनेला जाते. गाणी होईपर्यंत ठीक, प्रवचन सुरू झालं की मान पडते. मागच्या बाकावरच्या एक बाई दर वेळी बोटाने टोचतात. घरी झोपून राहावं तर तेही बरं वाटत नाही. बायबलमध्ये माझ्यासारख्यांसाठी काही आहे का?

जुनाबाक

आहे तर. प्रेषितांची कृत्ये, अध्याय वीस. त्रोवस गावी माडीवर सभा, पुष्कळ दिवे लावलेले, पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतोय. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसलेला, पौलाचं लांबतच गेलं तसा तो पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली. उचलला तेव्हा मेलेला. पौल खाली धावला, त्याला कवटाळलं, म्हणाला, घाबरू नका, याच्यात प्राण आहे. झोपला म्हणून त्याला कुणी एक शब्द बोलल्याची नोंद नाही. तुम्ही या, झोप आली तर झोपा, फक्त खिडकीत बसू नका. त्या बाईंना हा अध्याय दाखवा.

पाळकाचा_मुलगा

आणि पुढची ओळही दाखवा. पौल परत वर गेला, भाकर मोडली आणि उजाडेपर्यंत बोलतच राहिला. वडील म्हणतात, हे वचन त्यांना फार प्रिय आहे.